दुर्गेला कोरम लागत नाही

त्या पुस्तिकेत छापलंय की वत्सलाबाई मृदुभाषी होत्या.

पंचायतीच्या नव्या सभागृहाला तिचं नाव दिलं, त्या दिवशी ही गुळगुळीत कागदाची पुस्तिका वाटली. पहिल्या पानावर हार घातलेला तिचा फोटो, दुसऱ्या पानावर आमच्या हरिभाऊच्या मुलाचा फोटो. तिच्यापेक्षा मोठा. आणि आत लिहिलंय, बाई मृदुभाषी, सर्वांना बरोबर घेऊन चालणाऱ्या, विहिरीचा ठराव गावाने एकमुखाने केला. मी चौथी पास आहे. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी एकेक अक्षर वाचतो. एवढ्या खोट्या गोष्टी एका पानावर मी पंचायतीच्या तीस वर्षांच्या नोकरीतसुद्धा वाचल्या नाहीत, आणि पंचायतीचा कागद काय असतो ते मला माहीत आहे.

मी शिपाई होतो. बोईसरवरून तारापूरच्या रस्त्याला लागलं की उजव्या हाताला आमचं गाव. पंचायतीचं ऑफिस कौलारू, मागे आदिवासी पाडा, पाड्याची एक विहीर. ऑफिसचा माठ मी त्याच विहिरीवर भरायचो. सगळ्या गावात तसं गोड पाणी नव्हतं. झाडलोट, नोटिसा, दवंडी, चहा, सगळं माझ्याकडे. ती बाई माझ्या मैत्रीतली नव्हती. तिला मी आवडलो नाही आणि मला ती आवडली नाही. पण खोटं लिहिलंय तर खरं कोणीतरी लिहिलं पाहिजे, आणि बाकीचे एक तर मेले, नाहीतर त्या पुस्तिकेत फोटोत आहेत.

वत्सलाबाई पालघरची मास्तरीण. सासर शिरगावच्या बाजूचं. सत्तरच्या पुढच्या सालांत ती स्वतः सासरच्या गावात पंचायतीला उभी राहिली आणि सपाटून पडली. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "तुम्ही तरी दिलंत ना मला?" तो म्हणाला, "मला वाटलं तू गंमत करत्येस." हे तिने मला स्वतः सांगितलं, रडत नाही, हसतही नाही, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. त्या नवऱ्याबरोबर तिने संसार केला, त्याचं दुखणं काढलं, पण कुठलंही मतदान असो, त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही. नवरा मतदान करून यायचा आणि केळी खाऊन झोपायचा. मरेपर्यंत.

पडल्यावर तिने ठरवलं, आपण पुन्हा उभं राहायचं नाही, बायांना उभं करायचं. दर गुरुवारी शाळा सुटली की एसटीने यायची. आज हे गाव, पुढच्या गुरुवारी ते. सफाळ्यापासून इकडे चिंचणीपर्यंत तिला ओळखत नाही असं घर नव्हतं, आणि तिला शिव्या दिल्या नाहीत असा पुरुष नव्हता. नाक लांब, आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मनगटावर पुरुषी घड्याळ, मोठ्या तबकडीचं. पिशवीत एकच पुस्तक, ग्रामपंचायतीचा कायदा, शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं.

कुणाच्या घरी गेली की घरधनी ओटीवरून आत ओरडायचा, "अगं, चहा टाक बाईंना." ही म्हणायची, "तुम्ही टाका. तोवर मी वहिनींशी बोलते." काही घरांत तिला त्यामुळे दुसऱ्यांदा उंबरा चढू दिला नाही. कितीतरी घरांत मात्र पुरुष खरंच आत गेले, साखर कुठल्या डब्यात आहे ते विचारायला पुन्हा बाहेर आले, आणि तेवढ्या वेळात तिचं काम झालं. माझा चहा ती प्यायची, कारण तो मी स्वतः करायचो. पण अर्धाच. उरलेला ठेवून द्यायची आणि म्हणायची, "पाणी गोड आहे हो गोविंदराव. त्याचं तुम्ही काय केलंत?"

मृदुभाषी म्हणे.

बायांशी तरी गोड बोलत असेल असं वाटेल. नाव नको. कोणी रडायला लागली की म्हणायची, "रडून घे. पण रडणं प्रोसिडिंगात येत नाही." प्रोसिडिंग म्हणजे सभेत काय झालं ते लिहायची मोठी वही. त्यात नाही ते घडलंच नाही, हा तिचा देव. तिने बायांना एक वाक्य पाठ करायला लावलं होतं. "माझा विरोध आहे, नोंद घ्या." भाताच्या लावणीला बाया चिखलात वाकलेल्या असायच्या, ही बांधावर छत्री घेऊन उभी, आणि एकेकीकडून म्हणवून घ्यायची. "ऐकू आलं नाही. ग्रामसेवक बहिरा आहे असं समज. पुन्हा." बाया हसून हसून चिखलात बसायच्या. मग ते वाक्य घरोघर पसरलं. कोळीवाड्यात एकाने बायकोला म्हटलं, आज बोंबील नको, तर ती म्हणाली, माझा विरोध हाय, नोंद घे. आमच्या घरीसुद्धा ऐकलं मी ते. नोंद घेतली नाही.

एकदा पालघरला महिलांचं शिबिर होतं. मुंबईहून मोटारीने दोन बाया आल्या होत्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या, गळ्यात मोठे मणी. खुर्च्या लावायला आजूबाजूच्या पंचायतींचे शिपाई बोलावले होते, म्हणून मी मागे उभा. त्यातली एक तासभर बोलली. तुम्ही दुर्गा आहात, तुम्ही शक्ती आहात, जाग्या व्हा. आमच्या बाया पहाटेपासून जाग्या होत्या, आता बसल्या जागी पेंगत होत्या. वत्सलाबाई उठली आणि म्हणाली, "दुर्गेला कोरम लागत नाही. यांना लागतो. तो किती लागतो ते शिकवा, नाहीतर यांना शेवटच्या बसआधी सोडा." कोरम म्हणजे सभा चालायला कमीत कमी किती मेंबर लागतात तो आकडा. त्या मोटारीवाल्या बाईला तो माहीत नव्हता. मी बघितलं तिचं तोंड.

मग सरकारने बायांना जागा राखून दिल्या. आमच्या पंचायतीत नऊ मेंबर, त्यातल्या तीन बाया, आणि सरपंचपद आदिवासी बाईला राखीव. हरिभाऊ आमचा उपसरपंच. वाडी, बागायत, गवताचा धंदा, पांढरा झब्बा. त्याने त्याच्या गवतावर कापणीला येणारी जयवंती पाड्यातून उभी केली. "सही तेवढी मारायची, बाकी आमी बघतो." दुसऱ्या जागेवर घरातलीच हवी म्हणून धाकट्या भावाची बायको सुनंदा. तिसरी कोळीवाड्यातली मासळीवाली, तिला कोणाची भीती नव्हती, फक्त वेळ नव्हता.

सुनंदा सभेत दाराजवळ बसायची, डोक्यावरून पदर पुढे ओढून. थोरल्या दिरासमोर बोलायची तिच्या घरात रीत नव्हती. खुर्चीवर बसायची तर नव्हतीच. मतदानाच्या वेळी हरिभाऊ खोकायचा, की हिचा हात वर. एकदा त्याला खरंच सर्दी झाली होती, तेव्हा तिने विषय नसतानाच तीनदा हात वर केला. सहा बापे हसले. मीही हसलो असेन.

आणि वही. सभा झाली काय, न झाली काय, ग्रामसेवक वही माझ्याकडे द्यायचा आणि मी सायकलवर घरोघर सह्या घेत फिरायचो. जयवंती गवतात असायची, हात पदराला पुसून सही करायची. वत्सलाबाईला हे कळलं तेव्हा मला भर रस्त्यात थांबवून म्हणाली, "म्हणजे या गावची पंचायत तुमच्या सायकलच्या कॅरियरवर बसते." चार माणसं होती तिथे.  मी तिच्याशी दोन महिने बोललो नाही.

त्याच दोन महिन्यांत ते झालं. बोईसरच्या एका कारखानदाराला घाण पाण्याचा नाला खाडीत सोडायचा होता. सरळ वाट आमच्या पाड्यातून, विहिरीपासून वीस-पंचवीस पावलांवरून. त्याला पंचायतीचा ना हरकत दाखला लागत होता. हरिभाऊच्या पोराला तिथे नोकरी लागणार होती, तोच आता पुस्तिकेत आहे. बाकीच्या पाच मेंबरांनाही काही ना काही लागणार होतं. सभा झाली नाही. वही आली, मी नेली, जयवंतीने गवतात सही केली. मी कागद वाचल्याशिवाय नेत नाही असं मी छातीवर हात मारून सांगायचो. पण त्या पानावर वाचायला काही नव्हतंच. सह्यांच्या वर कोरं होतं. ते नंतर भरलं.

पाड्यात चुन्याची रेघ पडली, खुंट्या ठोकल्या, तेव्हा जयवंतीने त्या माणसांना विचारलं, कोणी सांगितलं. त्यांनी तिला तिचीच सही दाखवली.

गुरुवारी ती ऑफिसच्या पायरीवर वत्सलाबाईच्या पुढ्यात येऊन बसली. रडत होती. "बाई, आमी आता पाणी कुठलं प्यायचं? पाड्यातली माणसं मला इचारतात, तूच दिलंस."

"दिलंसच," बाई म्हणाली. "सही तुझी आहे." मग माझ्याकडे वळली. "आणि वही यांची."

मला वाटलं होतं, आता मोर्चा काढेल, कलेक्टरकडे नेईल. ती म्हणाली, "चार महिने गप्प बस. ताजा ठराव लगेच फिरवता येत नाही. नाल्याचं काम पाऊस संपल्याशिवाय सुरू होणार नाही. तोवर गवत काप आणि सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते वाचायला शीक." चार महिने दर गुरुवारी ती पायरीवर बसून जयवंतीला वाचायला शिकवत होती. पुस्तक कोणतं, तर कायद्याचं. जयवंती गमभनच्या आधी गणपूर्ती, म्हणजे कोरम, वाचायला शिकली. एका गुरुवारी तिला एक ओळ वाचता येईना, तर बाई म्हणाली, "सोड मग. नाला येऊ दे." ती पोरगी ओळ वाचून मगच उठली.

एक दिवस बाईने मला सहज विचारलं, "ती सुनंदा कधीच बोलत नाही का हो?"

"थोरल्या दिरासमोर कशी बोलंल?"

"आणि दीर नसला तर?"

"दीर नसला तर तिचा आवाज विहिरीपर्यंत जातो. घरी ऐका कधी."

 बाई अर्धा चहा ठेवून बस पकडायला गेली.

पाऊस सरत आला. जयवंतीने मासिक सभा बोलावली, विषय एकच, ना हरकत दाखला रद्द करणे. आता हे नीट समजून घ्या. नऊ मेंबर. तीन बाया, त्यातली एक खोकल्यावर हात वर करणारी. सहा बापे सभेला येऊन नुसते बसले असते आणि हात वर केले असते, तर पाच मिनिटांत सगळं संपलं असतं, नाला झाला असता. बाईला ते माहीत होतं. म्हणून तिने नोटीस देताना मला सांगितलं, "हरिभाऊंना तोंडी निरोप द्या. सरपंचबाईंनी सांगितलंय, वेळेवर या. उशीर झाला तर बाहेर बसावं लागेल."

मी निरोप तसाच्या तसा दिला. देवळाच्या ओट्यावर पत्ते चालले होते, सहाही जण होते. हरिभाऊचं तोंड लाल झालं. "कालपरवापर्यंत माझं गवत कापत होती. तिच्या हुकमावर मी जाऊ? कोण जाणार नाय. कोरम नाय तर सभा नाय, सभा नाय तर ठराव नाय. सांग तिला."

मी येऊन सांगितलं.

"कोणीच येणार नाही ना?" बाईने विचारलं. "एखादा येईल असं तर नाही ना? नीट विचारलंत?"

"कोणीच नाय."

"छान," ती म्हणाली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. चांगलं दिसत नव्हतं.

सुनंदाला घरी ठेवायचं हरिभाऊला सुचलं नाही, तिला तो मेंबरांत धरतच नव्हता. सभेच्या दिवशी तीन बाया आत, ग्रामसेवक आत, आणि बाई बाहेर पायरीवर माझ्या स्टुलाशेजारी. ती मेंबर नव्हती, आत बसायचा तिला हक्क नव्हता, आणि हक्क नाही तिथे ती पाय ठेवत नसे. घड्याळ हातातून काढून मांडीवर ठेवलं. अर्धा तास झाला. आतून जयवंती वाचल्यासारखी बोलली, "गणपूर्ती नाय, सभा तहकूब." मला वाटलं, झालं, गेली विहीर.

दोन दिवसांनी तहकूब सभेची नोटीस माझ्या हातात आली. मी नेहमीप्रमाणे एकेक अक्षर वाचली. तळाशी एक ओळ होती, ग्रामसेवकाच्या बारीक अक्षरात. तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता नाही. मी ती दोनदा वाचली. मग सायकल काढली.

पुन्हा देवळाचा ओटा, पुन्हा पत्ते. हरिभाऊ म्हणाला, "काय रे गोविंदा, पुन्ना?"

"तहकूब सभेची नोटीस हाय. वाचून सही करा."

"वाचायचं काय त्यात? पुन्ना तहकूब करा म्हणावं." आणि सही ठोकली. त्याच्या मागे पाचांनी. दोघं मॅट्रिक होते त्यातले. एकाने तर डाव मोडू नये म्हणून डाव्या हाताने केली. मी पुन्हा वाचा म्हणालो नाही. मी काय त्यांचा मास्तर होतो?

त्या सभेला दार उघडं होतं. आम्ही दोघं बाहेर, तशीच.  आतून आवाज आला, आणि तो जयवंतीचा नव्हता. "ठराव मी मांडते." सुनंदा. बोलायला लागली ती थांबेना. नाला कुठून जाणार, घाण कोणाच्या घागरीत येणार, ज्यांची पोरं नोकरीला लागणार त्यांनी ते पाणी आधी प्यावं आणि मग सही मागावी. लग्नानंतरच्या बारा वर्षांचं साठलेलं होतं ते. मी वाकून बघितलं, तर सुनंदा खुर्चीवर बसली होती, पदर खांद्यावर. हरिभाऊ आला असता तर ती दाराशी जमिनीवर बसली असती आणि त्याच्या खोकल्याला हात वर केला असता. न येऊन त्याने तिचं तोंड मोकळं केलं. हे त्या सहांतल्या एकालाही आजवर कळलेलं नाही.

जयवंतीने अनुमोदन दिलं. मासळीवाली म्हणाली, "माझाबी हात. लवकर लिवा, माझी टोपली उन्हात हाय." ग्रामसेवक भित्रा माणूस, पण नियम वाचून दाखवल्यावर त्याला नियमाची जास्त भीती वाटली. त्याने लिहिलं. जयवंतीने सही करायच्या आधी वर बोट ठेवून सगळं वाचलं. बराच वेळ लागला. बाहेर बाई घड्याळाकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाही जण ऑफिसात. नोटीस मिळालीच नाही म्हणायला लागले. मी नोटीसबुक उघडून त्यांच्याच सह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. डाव्या हाताचीसुद्धा. मग हरिभाऊ म्हणाला, "वही घेऊन संध्याकाळी घरी ये."

मी म्हटलं, "वही सभेत असते."

"नोकरी कोणी लावली तुला?"

"तुमीच. काढायची तर काढा. सभा बोलवा, ठराव करा, कोरम बघा."

हे मी त्या बाईसाठी केलं असं कोणी समजू नये. माझ्या कॅरियरवर पंचायत बसते असं चार माणसांत म्हणाली होती ती. ते मला खोटं करायचं होतं.

मग ते अविश्वास आणायला निघाले, जयवंतीला खाली ओढायला. गुरुवारी वत्सलाबाईला रस्त्यात गाठून सुनावलं. ती म्हणाली, "ओढा की. निवडून आलेल्यांत दुसरी आदिवासी बाई आहे का तुमच्याकडे? नाही ना? मग लुगडं नेसून तुमच्यातला कोण बसतो तेवढं ठरवा." त्यानंतर कोणी अविश्वासाचं नाव काढलं नाही. नाला दुसरीकडून लांबच्या वाटेने गेला. कारखानदाराला परवडलं. तो रडला असं ऐकलं नाही.

आता ते म्हणतात एकमुखाने. तीन मुखांनी. सहा मुखांत पान होतं.

शेवटची ती आली तेव्हा नोकरीतून निवृत्त झाली होती, काठी होती हातात. दम लागत होता. मासिक सभा नेमकी गुरुवारी आली होती. मी चहा करून दिला. ती पायरीवर बसली, तिच्या जागी. आत जयवंती, सुनंदा आणि मासळीवाली कसल्याशा दिव्याच्या खांबावरून कडाकडा भांडत होत्या.

"कोण भांडतंय?" बाईने विचारलं.

"तुमच्या बाया."

"कोणाशी?"

"एकमेकींशी."

"नोंद होत्येय का?"

जयवंती बाहेर आली. "बाई, आत या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय."

"मी मेंबर आहे?"

"नाय."

"मग." तिने घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "गोविंदराव, सभेची वेळ झाली. दार लावून घ्या."

मी आतून दार लावलं. बाई बाहेर राहिली.

सभा लांबली. दार उघडलं तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं, पालघरची बस गेली होती. कप होता. अर्धा भरलेला, नेहमीसारखा. धुवायला उचलला. मी कधी कोणाचं उष्टं तोंडाला लावलं नाही, पण आजूबाजूला बघून एक घोट घेतला.

बाई खरं सांगत होती. पाणी गोड होतं. चहाच वाईट होता.